काका, आभार मानतो, विषय बदलू नका

प्रिय काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही हवामानावर बोलायला लागता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या आणखी कुणाच्या कामी आलं तर तुमची हरकत नसणार, असं धरून चालतो.

वाचणाऱ्यांसाठी आधी यंत्राची ओळख. व्हील हॉर्स सी-१२०, सत्तरच्या दशकातला बागेचा ट्रॅक्टर. एका सिलिंडरचं, बारा हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन, हवेने थंड होणारं. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये पाँड कुटुंबाने १९४६ साली हा कारखाना काढला आणि १९८६ मध्ये टोरो कंपनीने तो घेतला. कंपनीचं नाव गेलं तरी काळजी करू नकोस, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. कोहलरची ही ‘के’ मालिकेतली इंजिनं दुसऱ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरवरही, म्हणजे कब कॅडेटवर, जॉन डिअरवर बसली, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. पुढचा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवणारं यंत्र, मात्र मूळचा नाही. आधीच्या मालकाने दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रॅक्टरचा, दोन टप्प्यांचा ब्लोअर घरी वेल्डिंग करून बसवलेला. ऑगर, म्हणजे पुढचा फिरणारा मळसूत्री दांडा, बर्फ मध्यभागी ओढतो आणि मागचा पंखा तो नळीतून उडवतो.

दुखणं असं होतं की ट्रॅक्टर थंड असताना एका झटक्यात सुरू व्हायचा. अर्धा ड्राइव्ह-वे झाला की धापा टाकत बंद. तासाभराने पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. एका दुरुस्तीवाल्याने झाकणसुद्धा न काढता निकाल दिला, इंजिन संपलंय, नवीन टाका.

तुम्ही फोनवर एकच विचारलंत, “बंद पडला की पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करून बघितलंस का?” झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. आमच्याकडे कारण ते नव्हतं, पण एक पैसाही न घालवता एक संशयित यादीतून गेला. मग तुम्ही कोटाच्या खिशात जुना प्लग घालून स्वतः आलात. ट्रॅक्टर बंद पडेपर्यंत त्या थंडीत उभे राहिलात आणि पडल्या क्षणी ठिणगी बघितलीत. मलूल आणि पिवळी. “गरम असतानाच पकडायचं. थंड झाल्यावर सगळेच साव.”

या इंजिनाचे पॉइंट, म्हणजे उघडून ठिणगी पाडणारे संपर्क, ब्लॉकच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात. आतला कॅम एका दांडीने ते उघडतो, त्यामुळे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उतरवावं लागत नाही. मला हे माहीतच नव्हतं. मी फ्लायव्हील ओढून काढायचा पुलर शोधत बसलो असतो. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसरीला उंचवटा, म्हणजे कंडेन्सर, पॉइंट जळू न देणारा छोटा भाग, काम करत नाही. दोन्ही नवीन घातले, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्तीने, ०.०२० इंच अंतर ठेवलं. मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, अंतर बदललं की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही बदलते, तेव्हा आता फ्लायव्हीलवरची ‘एस’ खूण, ठिणगीची, बघायची. बॅटरीवरचा छोटा दिवा पॉइंटला जोडून फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवायचं. खूण खिडकीत येते नेमक्या त्याच वेळी पॉइंट उघडले पाहिजेत, दिव्यावरून ते कळतं. ही रीत मला तुम्ही तीनदा करायला लावलीत, आणि एकदाही माझ्या हातून पाना घेतला नाहीत. शेजारी उभं राहून हात मागे बांधून ठेवणं तुमच्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल, हे आता माझी मुलगी स्क्रू पिळते तेव्हा समजतं.

इंजिन छान चालू लागलं आणि मी इंजिनावरचे पत्रे लावायला घेतले. तुम्ही थांबवलंत. “कंडेन्सर का गेला?” जुना होता, गेला, एवढंच माझं उत्तर. तुमचं त्यावर समाधान होईना. वरचा पत्रा काढायला लावलात, तर आत, सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये, उंदरांनी थाटलेला संसार! गवत, कापूस, अक्रोडाची टरफलं, सगळं ठासून भरलेलं. पंख्याची हवा जायला वाटच नव्हती. बाहेर बर्फ पडतोय आणि आत इंजिन भाजून निघतंय. शेजारी बसलेल्या कंडेन्सरलाही तीच धग. नवीन कंडेन्सर घालून मी गप्प बसलो असतो तर पुढच्या बर्फात पुन्हा तिथेच उभा असतो, आणि या वेळी इंजिन खरंच संपलं असतं. फ्लायव्हीलच्या पुढची जाळी उडत्या बर्फाने बुजली तरी हेच होतं, हेही तेव्हा सांगितलंत. थंडीत इंजिन तापू शकतं हे मला कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. आता प्रत्येक फेरीनंतर जाळी ब्रशने साफ करतो आणि शरद ऋतूत पत्रा उघडून बघतो.

तुमची हीच खोड ब्लोअरलाही लागली. ऑगरला शाफ्टशी जोडणाऱ्या शिअर पिनेच्या जागी कडक पोलादी बोल्ट होता. मला तर तो मजबुतीचा वाटला. तुम्ही मात्र तोंड वाकडं केलंत. शिअर पिन मऊच असली पाहिजे. ऑगरमध्ये दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की ती तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. कडक बोल्ट तुटत नाही, मग चेन तरी तुटते नाहीतर गिअरचे दात जातात. दोन डब्या पिना आणून पिना बदलल्या की विषय संपला, असं मला वाटलं होतं. तुमचा प्रश्न तयारच होता. आधीच्या माणसाने कडक बोल्ट का घातला? पिना तुटून वैतागला म्हणून. मग पिना का तुटत होत्या? खाली वाकून बघितलं तर ब्लोअरला जमिनीपासून उचलून धरणारे दोन्ही बाजूंचे घसरपट्टीचे बूट झिजून गेलेले, आणि तोंडाची खालची पट्टी फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकत होती. नवे बूट लावून पट्टी जरा उचलली. खडीच्या भागासाठी आणखी उचलावी लागते.

तरीही एक उरलंच. बोल्ट काढला तरी ऑगर शाफ्टवर फिरेना, गंजून एकजीव झालेला. म्हणजे मऊ पिन घालूनही उपयोग शून्य, कारण पिन तुटली तरी ऑगर सुटणारच नव्हता. हे काम सगळ्यात चिवट निघालं. गंज सोडवणारं तेल, मग टॉर्चने धग, मग पाइपपान्याने मागे-पुढे, पुन्हा तेल. जोर लावू नकोस, त्याला वेळ दे, असं तुम्ही म्हणत राहिलात आणि मी मनात चरफडत राहिलो. सुटला तेव्हा आवाजही झाला नाही, नुसता हाताला हलका लागला. ग्रीस निपलमधून ग्रीस भरताना पिना काढून ऑगर हाताने फिरवत राहायचा, म्हणजे ग्रीस सगळीकडे पोचतं, हेही तेव्हाच शिकलो. आता हंगामाच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा भरतो.

बाकीचं थोडक्यात. पंख्याच्या पात्यांना जाड रबराच्या पट्ट्या बोल्टने लावल्या, पाती आणि घर यांतली फट कमी झाली, आणि ओला बर्फ जो नळीत चिकटून बसायचा तो आता पलीकडच्या हद्दीत जातो. मागच्या चाकांना साखळ्या घातल्या. एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भर असं तुम्ही म्हणालात, मी चाकांना लोखंडी वजनं लावली. ते पाणी गळलं की रिम खातं, आणि हे रिम मला गमवायचे नाहीत. तुम्ही खांदे उडवलेत, म्हणजे पटलं असावं.

आणि ती काठी. नळी तुंबली की इंजिन बंद करायचं, आणि बंद केल्यावरही हात घालायचा नाही, कारण पंखा फिरवणाऱ्या बेल्टमध्ये ताण उरलेला असतो आणि अडथळा निघाला की पंखा झटका देतो. जुन्या फावड्याच्या दांड्याची काठी तासून तुम्ही ब्लोअरला क्लिपने लावून दिलीत. ट्रॅक्टरवरचं तुमच्या हातचं काम तेवढंच. मुलीला मी ट्रॅक्टर चालवायला देण्याआधी काठी दाखवतो, क्लच नंतर.

तर काका, मनापासून आभार. नवीन इंजिनाचा खर्च वाचला हे खरंच, पण माझ्या डोक्यात तुमचा तो “का गेला?” बसला, त्याचे आभार जास्त. परवा घरातला बल्ब उडाला तर बायको म्हणाली, आता त्याचीही चौकशी करणार का? केली. होल्डर सैल होता.

तुमचा पुलर अजून माझ्याकडेच आहे. मागच्या डाव्या चाकाजवळ तेल गळतंय, सील बदलायचं तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, काढावं लागणार. सेट स्क्रू निघाला, हब मात्र तसूभर हललेलं नाही. रोज तेल देतोय आणि पुलरला ताण देऊन ठेवलाय. धग द्यायची की आणखी थांबायचं, तेवढं कळवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
रस्त्याच्या टोकाचा ट्रॅक्टरवाला