नातीचे नाव रोवन

सातारा,
१२ नोव्हेंबर

प्रिय शुभदा,
सप्रेम नमस्कार.

डब्लिनला लेकीने नातीचे नाव ‘रोवन’ ठेवल्याचे वाचून आनंद झाला. पण हे मुलग्याचे नाव आहे आणि त्याला धड अर्थही नाही, असे तू लिहिलेस ते मला पटले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

या नावाचे मूळ आयरिश रूप उच्चाराने ‘रुआन’च्या जवळ जाते. त्यातला ‘रुअ’ म्हणजे तांबडा आणि शेवटचा ‘आन’ हा लहानपण दाखवणारा लाडाचा प्रत्यय. लिहिताना मात्र आयरिश लोक मधला ‘ध’ अजून ठेवतात, जरी आता तो कोणी उच्चारत नाही. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या मला तो मुका ‘ध’ पाहून भरून आले, कारण आपल्या ‘रुधिर’ शब्दात तो आजही स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूचे. रोहित, लोहित आणि आपली रोहिणीही त्याच कुळातली. मग हे नाव परके कसे?

ते मूळचे पुरुषाचे, हे तुझे म्हणणे खरे आहे. टिपेररी परगण्यातल्या लोरा येथे सहाव्या शतकात मठ स्थापन करणाऱ्या संतांचे ते नाव. अमेरिकेत मात्र या शतकात ते मुलगे आणि मुली दोघांच्याही पहिल्या हजार नावांत आले, अजून मुलग्यांत अधिक असले तरी. आणि आपल्या वर्गात एक किरण मुलगा आणि एक किरण मुलगी होती, हजेरी घेताना बाई आडनाव लावून हाक मारत, हे तू विसरलीस का?

तिकडे याच नावाचे एक झाडही आहे. झाडाचे नाव स्कँडिनेव्हियाकडून इंग्रजीत आले, म्हणजे उगम वेगळा. पण त्याला लालभडक फळांचे घोस लागतात आणि आपण दाराला आंब्याचा डहाळा बांधतो तशी त्याची डहाळी आयर्लंडमध्ये मे महिन्याच्या आरंभी अरिष्ट टाळण्यासाठी बांधत. उन्हाळ्यात तू तिकडे जाशील तेव्हा ऑगस्टअखेरपर्यंत राहा. पिकलेले एक फळ तळहातावर घेऊन देठाच्या विरुद्ध बाजूने पाहा, तिथे पाच टोकांची इवलीशी चांदणी दिसेल. ती रोवनला तूच दाखव.

तुझी,
मेधा