शुगर कमी होते ती कशामुळे, ते तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शुगर वाढण्यावर तुमच्या पुरवणीत कायम काहीतरी असतं, कमी होण्यावर मात्र "खिशात लिमलेटची गोळी ठेवा" याच्यापुढे गाडी जात नाही, आणि तेही डायबिटीसवाल्यांसाठी. आमच्या आईला डायबिटीस नाही. तरी गेल्या वर्षी पाच-सहा वेळा पहाटे तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, एकदा तर मलाच विचारते तू कोण. काकू म्हणाली पित्त, मामा म्हणाला बीपी, डॉक्टर म्हणाले उपास बंद करा (आई संकष्टीसुद्धा धरत नाही!). आम्ही साखरपाणी पाजायचो, तिला बरं वाटायचं, मग दुपारी लॅबमध्ये जायचं आणि रिपोर्ट नॉर्मल. अप्पांचं ग्लुकोमीटर कपाटात पडून होतं, पण आईला कुठं डायबिटीस आहे म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी एका डॉक्टर मॅडमनी समजावलं, की त्रास व्हायला हवा, त्याच वेळी मोजलेली शुगर ५५ च्या खाली हवी आणि गोड दिल्यावर त्रास थांबायला हवा, तिन्ही जुळलं तरच पुढं शोधायचं, याला म्हणे व्हिपल ट्रायड म्हणतात. पुढच्या खेपेला मीटरवर ४१ आली, तसंच उचलून दवाखान्यात नेलं, तिथं सलाईन लावायच्या आधी रक्त काढून इन्सुलिन (शुगर खाली आणणारं हार्मोन) आणि सी-पेप्टाइडच्या तपासणीला पाठवलं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइड पण बनतं, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. आईचं दोन्ही जास्त, म्हणजे जादा इन्सुलिन तिच्याच शरीरातून येत होतं. आम्ही गुगल केलं तर इन्सुलिन बनवणारी स्वादुपिंडाची गाठ, इन्सुलिनोमा! घरात रडारड.

मॅडम म्हणाल्या स्कॅनचं नंतर बघू, ती गाठ फार क्वचित असते, आधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. आणि निघालं काय, तर अप्पांची डायबिटीसची गोळी ग्लिमेपिराइड आणि आईची रात्रीची बीपीची गोळी एकाच श्रीखंडाच्या डब्यात, मेडिकलवाल्यानं स्ट्रिप अशी कापून दिलेली की नावच उडालेलं. ग्लिमेपिराइड पण स्वादुपिंडातूनच इन्सुलिन काढते, त्यामुळे रिपोर्ट हुबेहूब गाठीसारखा दिसतो, रक्तात ती गोळी आहे का हे वेगळं तपासावं लागतं. आईच्या रक्तात सापडली.

प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. रिकाम्या पोटी दारू, किडनी-लिव्हरचा आजार, मोठं इन्फेक्शन, बरीच वर्षं घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणं, वजन कमी करायला केलेलं पोटाचं बायपास ऑपरेशन, यानंही शुगर पडते. घरी मीटर असेल तर आधी टोचून आकडा लिहून घ्या, नसेल तर वाट बघू नका, गोड द्या. फक्त शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता अप्पांच्या गोळ्या टीव्हीखाली आणि आईच्या फ्रिजवर असतात. मेडिकलमध्ये आम्ही अख्खी स्ट्रिपच मागतो, पाच गोळ्या उरल्या तर उरू देत.

एक वाचक, सांगली