गोनीदांची पुस्तकं मावळातल्या मुलांच्या हाती देऊ या

सप्रेम नमस्कार,

घराच्या ओट्यावरून किल्ला दिसावा, असं भाग्य आमच्या मावळातल्या कितीतरी मुलांना लाभलं आहे. पण ज्यांनी या डोंगरांवर आयुष्यभर जीव लावला, त्या गो. नी. दांडेकरांचं एकही धड पुस्तक आमच्या ग्रामवाचनालयात उरलेलं नाही. होत्या त्या प्रती हाताळून सुट्या झाल्या, काहींना वाळवी लागली. म्हणून हे आवाहन.

गोनीदा मूळचे विदर्भातले. ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं त्यांनी घर सोडलं. गाडगेमहाराजांचा सहवास लाभला, नर्मदेची परिक्रमा घडली आणि पुढे ते तळेगाव दाभाड्याला स्थायिक झाले. शाळा सुटली ती सुटलीच; बाकीचं शिक्षण माणसांनी, ग्रंथांनी आणि पायाखालच्या वाटांनी दिलं. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’ या शिवकाळावरच्या कादंबऱ्या वाचताना हे जाणवतं. त्यांतला गड दुरून पाहिलेला नाही, चढून पाहिलेला आहे. नुसत्या बखरी चाळून असं लिहिता येत नाही. ‘माचीवरला बुधा’ तर आपल्या राजमाचीवरचा! ‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८१ च्या अकोला साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १ जून १९९८ रोजी ते गेले.

कादंबरीकार गोनीदा सर्वांना ठाऊक असतात, मुलांसाठी लिहिणारे गोनीदा फार थोड्यांना. ‘आईची देणगी’सारखं त्यांचं लेखन मुलांपर्यंत पोचत नाही, याची आम्हाला खरी खंत आहे. ज्या वयात गोष्ट अंगात मुरते, त्याच वयात ती मिळायला हवी.

येत्या ८ जुलैपासून वाचनालयात मुलांसाठी गोनीदांच्या पुस्तकांचं वेगळं कपाट सुरू करायचं ठरवलं आहे. त्यासाठी त्यांची पुस्तकं हवी आहेत. जुनी, डागाळलेली चालतील, पानं मात्र पूर्ण असावीत. बालसाहित्य असेल तर आधी ते द्या. बांधणी आम्ही करून घेऊ. त्या खर्चासाठी आणि एका लोखंडी कपाटासाठी रोख मदतही लागेल. रक्कम लहान असली तरी पावती मिळेल आणि जमाखर्च फलकावर लावला जाईल.

आणखी एक मागणं. गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन त्यांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं केलं. तसंच आपल्या मुलांना दर शनिवारी तासभर मोठ्यानं वाचून दाखवणारी माणसं हवी आहेत. निवृत्त शिक्षक, कॉलेजातली मुलं, घरच्या आज्या, कुणीही या. उच्चार शुद्ध हवेत अशी अट नाही, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे.

पुस्तकं आणि देणग्या रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळात वाचनालयात स्वीकारल्या जातील. आणून देणं जमत नसेल तर निरोप पाठवा, आमची मुलं घरी येऊन घेऊन जातील.

आपले,
कार्यकारी मंडळ, ग्रामवाचनालय