पावसात सायकल काढायची की नाही, हे रस्त्यावरून ठरवावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की सायकलने कामावर जाणाऱ्या पुणेकराला घरातून, शेजारून आणि कार्यालयातूनही रोज एक प्रश्न ऐकावा लागतो : "आज तरी सायकल नको ना?" प्रश्नामागे काळजी असते आणि ती काळजी अनाठायी नाही. मात्र उत्तर शोधण्याची आपली रीत, म्हणजे खिडकीतून आभाळाकडे पाहणे किंवा आदल्या रात्रीच्या बातम्यांत पिवळा इशारा होता की नारिंगी हे आठवणे, ती फारच अपुरी आहे. कोथरूड ते शिवाजीनगर हा प्रवास मी अनेक वर्षे सायकलने करीत आले आहे आणि माझे ठाम मत असे झाले आहे की सायकल काढायची की नाही हे पावसावरून नव्हे, तर रस्त्यावरून ठरवावे. रस्त्याच्या स्थितीची माहिती नागरिकांना वेळेवर मिळाली पाहिजे आणि ती देणे हे महापालिकेचे काम आहे.

हवामान खात्याचे इशारे मोलाचे आहेत, पण ते कशाबद्दल बोलतात हे नीट समजून घेतले पाहिजे. खात्याची पावसाची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी चोवीस तासांची असते. या अवधीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार आणि त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत अति मुसळधार मानला जातो. आता सत्तर मिलिमीटर पाऊस दिवसरात्र संथपणे पडला, तर सायकलस्वाराचे कपडे भिजण्यापलीकडे फारसे काही बिघडत नाही. तेवढाच पाऊस संध्याकाळी तासाभरात कोसळला, तर शहरातले अर्धे चौक पाण्याखाली जातात. आकडा एकच, पण कामावरून घरी परतणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे दिवस आहेत. शिवाय जिल्ह्यासाठी दिलेला इशारा आपण शहरासाठी वाचतो. पुणे जिल्ह्यात लोणावळा आणि ताम्हिणीचा घाटमाथा आहे, तसेच बारामती-इंदापूरचा कोरडा पट्टाही आहे. घाटासाठी वेगळा इशारा दिलेला असतो, पण घाईघाईने वाचताना तो फरक नजरेतून सुटतो आणि घाटातल्या लाल रंगाला भिऊन शहरातला माणूस झिमझिम पावसात सायकल घरी ठेवतो.

पण घाटातल्या पावसाचा शहराशी काहीच संबंध नाही, असेही समजू नये. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे त्याच पावसाने भरतात, आणि खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला की शहरात ऊन पडलेले असतानाही नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. सकाळी नदीपात्रातून निवांत आलेला सायकलस्वार संध्याकाळी कर्वे रस्त्याच्या गर्दीत ढकलला जातो. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) घरात गेला, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले आणि डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचे प्राण गेले. अशा दिवशी सायकलच काय, कोणतेही वाहन काढू नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मला म्हणायचे आहे ते असे की आपल्या शहरात सायकलस्वाराने सकाळच्या आभाळाइतकाच धरणाच्या विसर्गाचा आकडा पाहायला हवा, आणि निर्णय घेताना जाण्यापेक्षा परतण्याचा विचार अधिक करायला हवा.

आपल्या आजी-आजोबांना हे ज्ञान नक्षत्रांच्या रूपाने होते. पुनर्वसू-पुष्याचा पाऊस, म्हणजे जुलैचा आणि ऑगस्टच्या सुरुवातीचा, पुण्यात बहुधा संततधार पण सौम्य असतो. तो सायकलस्वाराचा शत्रू नव्हे. धोका असतो तो मृगाच्या आधीच्या वळवाचा आणि सप्टेंबरअखेरीस गडगडाट करीत येणाऱ्या हस्ताचा. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी तीननंतर काळेकुट्ट ढग, सोसाट्याचा वारा आणि विजा. आंबिल ओढ्याचा पूर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आला, हे आपण विसरू नये. विजांच्या दिवसांत सायकल चालवू नये हा माझा नियम आहे आणि त्याला मी अपवाद करीत नाही, कारण रबरी टायरमुळे विजेपासून संरक्षण मिळते हा समज चुकीचा आहे आणि झाडाखाली आसरा घेणे तर त्याहून घातक आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आपल्या परिसरातील विजांची सूचना देते. कार्यालयातून निघण्यापूर्वी ते पाहण्यास क्षणभर पुरतो. वादळी वाऱ्यात गुलमोहराच्या ठिसूळ फांद्या मोडून पडतात, हेही रोजचा मार्ग निवडताना ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे रस्त्याकडे येते. सायकलस्वार पावसात पडतो तो पावसामुळे क्वचित. तो पडतो पाण्याखाली न दिसणाऱ्या खड्ड्यामुळे, गुळगुळीत झालेल्या लोखंडी झाकणामुळे, झेब्रा क्रॉसिंगच्या जाड रंगाच्या पट्ट्यावर अचानक ब्रेक दाबल्यामुळे, किंवा सिमेंटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामधल्या लांबलचक फटीत चाक अडकल्यामुळे. ही फट प्रवासाच्या दिशेनेच धावते, त्यामुळे मोटारीला ती जाणवतही नाही, पण सायकलचे अरुंद चाक तिच्यात शिरले की हँडल वळवूनही उपयोग होत नाही. पावसाळी गटारांवरच्या जाळ्यांचे गज रस्त्याला समांतर बसवले असले तर तेच घडते. गज आडवे बसवण्याला वेगळा खर्च येत नाही. बसवणाऱ्याला आणि त्याचे काम तपासणाऱ्याला सायकल आठवावी लागते, एवढेच. पहिल्या पावसाच्या दिवशी तर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा चिकट थर वर येतो, म्हणून दोन-तीन चांगल्या सरी होऊन रस्ता धुतला जाईपर्यंत सायकल बाहेर न काढणे मला शहाणपणाचे वाटते.

साचलेल्या पाण्याबद्दल वेगळे लिहिणे आवश्यक आहे. तळ दिसत नसेल तर त्या पाण्यात सायकल घालू नये, पायी उतरूनही जाऊ नये, मागे वळावे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून पायी घराकडे निघालेले ख्यातनाम पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्युमुखी पडले. ज्या शहरात पाण्याखाली काय आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही, त्या शहरात अनुभव आणि धाडस यांचा काही उपयोग नसतो.

सायकलस्वारांच्या मंडळींत एक वाक्य वारंवार ऐकू येते, की खराब हवामान असे काही नसतेच, खराब असतात ते कपडे. हे वाक्य उत्तर युरोपातून आले आहे आणि तिथे ते खरेही आहे. फिनलंडमधील औलू या शहरात कडाक्याच्या हिवाळ्यातही लोक मोठ्या संख्येने सायकलने फिरतात; पण त्याचे कारण त्यांच्या अंगातल्या कोटापेक्षा त्यांच्या पायाखालच्या वाटेत आहे. लोक कामाला निघण्याच्या आत मुख्य सायकलमार्गांवरील बर्फ साफ केलेला असतो. कोपनहेगनमध्येही बर्फ काढताना सायकलमार्गांना प्राधान्य दिले जाते. तिथल्या माणसाने सकाळी ठरवायचे असते ते फक्त कोणता कोट घालायचा. आपण मात्र ते वाक्य उचलले आणि त्यामागची व्यवस्था तिथेच ठेवली, आणि त्यामुळे पावसात सायकल न काढणाऱ्याला उगीचच भित्रा ठरवण्याची एक वाईट सवय आपल्या मंडळींना लागली आहे. नवख्या सायकलस्वारांवर, विशेषतः तरुण मुलामुलींवर, असे दडपण आणणे मला गैर वाटते.

याहून गंभीर बाब अशी की "काढू की नको" हा प्रश्न पडणे हीच अनेकांच्या दृष्टीने चैन आहे. माझ्याजवळ गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल आहे, पर्याय म्हणून बस आहे, मेट्रो आहे, अगदीच नाइलाज झाला तर रिक्षा आहे. पण रात्रपाळी संपवून सकाळी घरी परतणारा सुरक्षारक्षक, बांधकामावर जाणारा मजूर, सोसायट्यांची बाग राखणारा माळी, आणि आपले वृत्तपत्र भर पावसात कोरडे ठेवून दारात टाकणारा विक्रेता यांना सायकल काढावीच लागते. त्यांच्याजवळ बहुधा जुनी, जड, काळी सायकल असते, तिला दांडीचे ब्रेक आणि पोलादी रिम असतात. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकचे रबर जवळजवळ पकडच घेत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर ते निदान चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसून पकड घेऊ लागते. म्हणजे पावसात बाहेर पडण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही, त्याच्याच हाती सर्वांत कमी भरवशाचा ब्रेक आहे, आणि मागे लाल दिवा तर बहुतेकांच्या सायकलला नसतोच. सायकलविषयीच्या चर्चासत्रांत हा माणूस कधी दिसत नाही. रस्ता सुधारला तर त्याचा सर्वाधिक लाभ यालाच होणार आहे, म्हणून या विषयाकडे हौशी लोकांचा विषय म्हणून पाहणे थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा आमच्यासारख्यांना मोठी आशा वाटली होती. आज जे सायकलमार्ग उभे आहेत त्यांतील बरेचसे वाटेतच संपतात, काहींवर वाहने लागतात, आणि पावसाळ्यात रस्त्याच्या उताराचे पाणी कडेला, म्हणजे नेमके सायकलमार्गावरच, येऊन थांबते. नवे मार्ग बांधले जावेत हे खरेच, पण त्यासाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबण्याची गरज नसलेले एक काम महापालिका लगेच करू शकते. कोणत्या चौकांत पाणी साचले आहे, कोणता पूल किंवा नदीपात्रातील रस्ता बंद आहे, कुठे झाड पडले आहे, कुठे खोदकाम उघडे आहे, ही माहिती आपत्ती व्यवस्थापन कक्ष, जलसंपदा विभाग, वाहतूक पोलीस आणि क्षेत्रीय कार्यालये यांच्याकडे तुकड्यातुकड्यांत असतेच. ती एकत्र करून सकाळी सात वाजता आणि दुपारी चार वाजता, म्हणजे माणूस घरातून आणि कामावरून निघण्यापूर्वी, एकाच नकाशावर मराठीत प्रसिद्ध करावी. विसर्ग वाढणार असेल तर त्या नकाशावर तसे आगाऊ दाखवावे. याचा उपयोग दुचाकीस्वारांना, पादचाऱ्यांना आणि शाळेच्या गाड्यांनाही होईल.

कार्यालये चालवणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पावसात दहा मिनिटे उशीर झाला म्हणून 'लेट मार्क' लागणार असेल, तर सायकलस्वार वेग वाढवतो, आणि ओल्या रस्त्यावर वेग वाढवणे धोक्याचे असते. शहरासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी हजेरीच्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासाची सवलत द्यावी. संध्याकाळी आभाळ फिरले तर सायकल रात्रभर आवारात सुरक्षित ठेवून बसने घरी जाण्याची मुभा असावी. आज अनेक ठिकाणी रखवालदाराला तसे करू देण्याचा अधिकारच नसतो, आणि सायकल चोरीला जाईल या भीतीने माणूस विजांच्या कडकडाटात ती चालवत घरी नेतो. ओले कपडे वाळत घालायला एक दोरी आणि कपडे बदलायला एक बंद खोली मिळाली, तरी अनेक जणी, ज्या आज केवळ या अडचणीमुळे पावसाळ्याचे चार महिने सायकल सोडतात, त्या ती सोडणार नाहीत. मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते, हे अजून अनेकांना माहीत नाही. ते स्थानकांच्या दारांशी ठळकपणे लिहावे, म्हणजे अर्ध्या वाटेत पाऊस वाढला तर माणसाला दुसरा मार्ग उरेल.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. पावसाळ्यात आपण पहिल्या पानावर धरणांतील पाणीसाठ्याची चौकट देता आणि आम्ही ती आवर्जून वाचतो. त्याच चौकटीत आदल्या संध्याकाळचा खडकवासल्याचा विसर्ग, शहर आणि घाट यांसाठीचे वेगवेगळे इशारे आणि बंद असलेल्या पुलांची नावे इतकी माहिती रोज दिलीत, तर महापालिकेचा नकाशा तयार होईपर्यंत हजारो लोकांना सकाळचा निर्णय माहितीच्या आधारे घेता येईल. याचा विचार व्हावा, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे