रविवारी नाथसागरावर फोटो काढायला येणाऱ्यांसाठी

मंडळी, रविवारी सकाळी ६ ला पैठणला जायकवाडी धरणाजवळ जमायचंय (नाथसागर म्हणजे त्याचाच जलाशय), उशीर करू नका, ऊन वर आलं की पाण्यावर चकाकी येते अन् काहीच धड दिसत नाही.

या वेळी नुसते पक्षी काढून भागणार नाही. काठावर रिसॉर्टसाठी मुरूम टाकायलेत, चुन्याच्या रेघा मारल्यात, खुंट्या ठोकल्यात, ते सगळं फ्रेममध्ये पाहिजे, अन् मागं पाणी, थवा, धरणाची भिंत असं काहीतरी ओळखू येईल असं पाहिजे, म्हणजे जागा कुठली यावर कुणी वाद घालणार नाही. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेला हंस) इथंच उतरतात.

मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा, तारीख-वेळ तपासा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो टाकला की आतली लोकेशन-तारखेची माहिती उडते, म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, मूळ फाईल डिलीट करू नका, वन खात्याला या रिसॉर्टच्या कामाबद्दलच्या अर्जासोबत तीच द्यायचीय.

ड्रोन कुणीही आणू नका. उडता थवा मिळावा म्हणून पक्ष्यांच्या अंगावर जाणं तर अजिबात चालणार नाही, हजारो किलोमीटर उडून आलेत ते, चरू द्या त्यांना निवांत. घरट्याचं लोकेशन स्टेटसला टाकू नका.

पाण्याच्या बाटल्या घरूनच आणा. कोण कोण येतंय ते शनिवारी दुपारपर्यंत सांगा, गाड्या ठरवायच्यात.