मोटर जळण्याचं खापर फक्त व्होल्टेजवर नको

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

वर्कशॉपवाल्यांच्या मोटरी जळतात आणि दोष कमी व्होल्टेजचा, हे आपल्याकडे नेहमी ऐकू येतं. ते खोटं नाही, व्होल्टेज १० टक्के पडलं की इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८१ टक्क्यांवर येतो. पण पॉवर प्रेससारख्या जड फ्लायव्हीलच्या (फिरताना ऊर्जा साठवणाऱ्या चाकाच्या) मशीनवर खरी गडबड मोटर विकत घेतानाच झालेली असते, कारण दुकानात जाऊन आपण फक्त किती एचपी एवढंच विचारतो, ते चाक शून्यापासून फुल स्पीडला न्यायला किती टॉर्क लागेल हे कोणी काढतच नाही.

हिशोब अवघड नाहीये. २०० किलोचं, १ मीटर व्यासाचं चाक घ्या. भरीव चकती असेल तर इनर्शिया (स्पीड बदलायला चाकाचा होणारा विरोध) २५ किलोग्रॅम मीटर वर्ग, आणि वजन सगळं कडेला असेल तर दुप्पट म्हणजे ५०, फ्लायव्हील बहुतेक कडेलाच जड असतं म्हणून ५० च धरू. चाक ३०० आरपीएम, मोटर १४४०, म्हणजे पट्ट्याचं रेशो ४.८. मोटरच्या शाफ्टवर हा इनर्शिया रेशोच्या वर्गाने भागून येतो, साधारण २.१७ (रोटरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा, स्वतःचा वेगळा). याला शाफ्टच्या दर सेकंदाच्या स्पीडवाढीने (रेडियनमध्ये) गुणलं की टॉर्क आला, ५ सेकंदात चाक पळवायचं तर ६५ न्यूटन-मीटर, वर घर्षणाचे समजा ५. आणि ५ एचपी मोटरचा रेटेड (सतत देता येणारा) टॉर्क आहे जेमतेम २४!

डीओएल (मोटर थेट पूर्ण सप्लायवर टाकणाऱ्या) स्टार्टरवर मोटर सुरुवातीला रेटेडच्या दुप्पट टॉर्क देते म्हणून कसंबसं निभावतं. स्टार-डेल्टा (आधी स्टारमध्ये कमी व्होल्टेज, मग डेल्टात पूर्ण देणारा स्टार्टर) लावला की स्टारमध्ये टॉर्क त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे १६ च्या आसपास, त्यातले ५ घर्षणात गेले, उरले ११, आणि एवढ्यावर चाकाला ३० सेकंद लागतात. स्टारवरून डेल्टावर नेणारा टायमर मात्र १० सेकंदाला लावलेला, म्हणून चाक अर्ध्या वाटेवर असतानाच डेल्टा पडतो, करंटचा झटका बसतो, रिले (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा) ट्रिप होतो. मग कोणीतरी रिलेची सेटिंग वाढवून ठेवतं, आणि मोटर जळते ती तिथे. वायंडिंगवाल्याला शिव्या खाव्या लागतात ते वेगळंच.

आणखी एक, थेट सप्लायवर चाक शून्यातून वर आणताना चाकात जेवढी ऊर्जा साठते निदान तेवढीच उष्णता रोटरमध्ये निघते, या चाकाला जवळपास २५ किलोज्यूल, दर स्टार्टला. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) लावून ती कमी होत नाही. व्हीएफडीने (फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड वाढवणाऱ्या ड्राइव्हने) होते, आणि २० सेकंदांची रॅम्प दिली, म्हणजे स्पीड तेवढ्या वेळात हळूहळू वाढवला, तर याच चाकाला १६ अधिक घर्षणाचे ५ मिळून २१ लागतात, म्हणजे तीच ५ एचपी मोटर रेटेडच्या आत आरामात चालते, मोठी मोटर घेण्याचा खर्च वाचतो.

जुन्या कॅटलॉगमध्ये इनर्शिया जीडी स्क्वेअर (वजन गुणिले व्यासाचा वर्ग) म्हणून दिलेला असतो, त्याला ४ ने भागायचं असतं, ते विसरलं तर उत्तर चौपट येतं, हेही लोकांना सांगायला हवं.

आयटीआयच्या पोरांकडून प्रॅक्टिकलमध्ये खऱ्या मशीनचं चाक मोजून हा हिशोब करून घ्यावा, आणि मोटर विकणाऱ्यांनी गिऱ्हाईकाला चाकाचं वजन, व्यास आणि तासाला किती स्टार्ट हे विचारल्याशिवाय एचपी सांगू नये ही कळकळीची विनंती. तुमच्या पेपरात लघुउद्योगांवर लिहिताना हा हिशोब उदाहरणासकट एकदा जरूर छापा.

आपला,
एक मोटर वायंडिंगवाला, इचलकरंजी