वानखेडेच्या वाटेवरील अनोळखी साहाय्यकांचे आभार

वयोवृद्ध वडिलांना डोंबिवलीहून लोकलने वानखेडे स्टेडियमवर सामन्यासाठी नेताना ज्यांनी साहाय्य केले, त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेकडे जाताना पुलावरील गर्दीत वडिलांचा हात धरून त्यांना चर्चगेट लोकलच्या डब्यापर्यंत पोहोचवणारा तरुण आणि स्टेडियममध्ये नेऊ न दिलेली आमची पिशवी सामना संपेपर्यंत सांभाळणारे दुकानदार यांचे ऋण मोठे आहे. परतताना मरीन लाइन्सकडे न जाता, गाडी जेथून सुटते त्या चर्चगेटलाच चढावे, म्हणजे बसायला जागा मिळेल, असे आवर्जून सांगणाऱ्या महिला पोलिसांचेही विशेष आभार. वडील घरापर्यंतचा बहुतेक प्रवास बसून करू शकले.